कार्पेटवरचा फ्रीजर

मे महिन्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचा फोन आला. "मटार मऊ पडलेत. वीज गेलेली नाही, झाकण उघडं राहिलेलं नाही. तुम्ही दोघं मुलांना उष्णता शिकवता ना? मग येऊन बघा जरा."

बाईंनी निवृत्तीनंतर एक छोटा घरगुती उद्योग सुरू केला आहे. थंडीत मटार स्वस्त झाला की तो सोलायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, निथळून पिशव्यांत भरायचा आणि गोठवून ठेवून वर्षभर विकायचा. जोडीला खवलेला नारळ. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून मिळालेले पैसे मोडून त्यांनी २०० लिटरचा फ्रीजर घेतला. उभ्या कपाटासारखा नव्हे, पेटीसारखा, वर झाकण असलेला. स्वयंपाकघरात तो मावेना, म्हणून बाहेरच्या खोलीत ठेवला. घर भाड्याचे. त्या खोलीत पूर्वी कुणाचे तरी ऑफिस होते आणि त्या काळातले कार्पेट जमिनीला चिकटवलेले होते, खाली फोमचा थर असलेले. ते काढायचे नाही, ही घरमालकांची अट.

आम्ही गेलो तेव्हा फ्रीजर कोपऱ्यात दोन भिंतींना टेकून उभा होता. तिसऱ्या बाजूला लोखंडी कपाट. स्टॅबिलायझर मागे कार्पेटवरच ठेवलेला. आणि फ्रीजरवर बाईंनी स्वतः भरलेला सुंदर अभ्रा, चारही बाजूंनी जमिनीपर्यंत आलेला. आम्ही अभ्रा वर करून बाजूच्या पत्र्याला हात लावला. चांगलाच गरम होता.

"म्हणजे बिघडला ना?" बाईंनी विचारले.

बिघडला नव्हता. फ्रीजरची बाजू गरम लागणे हे तो काम करत असल्याचे लक्षण आहे. आपण म्हणतो फ्रीजर थंडी तयार करतो, पण थंडी नावाची वस्तू तयार करता येत नाही. फ्रीजर उष्णता उपसतो. विहिरीतले पाणी पंपाने वर काढावे तशी आतली उष्णता बाहेर आणून टाकतो. आतल्या नळ्यांत प्रशीतक द्रवाची वाफ होते आणि तेवढ्यासाठी लागणारी उष्णता मटारातून येते. ती वाफ कॉम्प्रेसर दाबतो, दाबल्यामुळे ती तापते, आणि बाहेरच्या नळ्यांत तिचा पुन्हा द्रव होताना ती सगळी उष्णता खोलीतल्या हवेला देते. या बाहेरच्या नळ्यांना कंडेन्सर म्हणतात. जुन्या फ्रिजच्या पाठीमागे काळी जाळी दिसते, तोच हा. पेटीसारख्या बऱ्याच फ्रीजरमध्ये या नळ्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या असतात, म्हणून जाळी दिसत नाही आणि पत्रा गरम लागतो. बाईंनी प्रेमाने घातलेला अभ्रा म्हणजे नेमके कंडेन्सरवर घातलेले पांघरूण होते.

आता कार्पेटकडे वळू. "कार्पेट उष्णतारोधक असते, त्यामुळे उष्णता अडते" असे उत्तर पुष्कळजण देतात. आम्हीही आधी तेच म्हणालो. पण थोडा विचार केल्यावर ते पटेना. फ्रीजरच्या पेटीचा तळ आतून उणे १८ अंशांवर असतो, आणि मध्ये फोमचा जाड थर असतो. तळातून जमिनीत उष्णता जाण्याचा प्रश्नच फारसा नाही. उष्णता जाते ती बाजूंनी, हवेत. मग कार्पेट आड येते कुठे?

कंदील आठवा. आता तो वीज गेल्यावरही निघत नाही, पण शाळेच्या कपाटात एखादा असेल. कंदिलाच्या बर्नरखाली बारीक भोकांची जाळी असते. तिच्यात कचरा बसला की वात काजळी धरते, काच काळी होते. वरून गरम हवा निघून जाते तेव्हाच खालून ताजी हवा आत येते. खालची वाट बंद झाली की वरची वाट उघडी असूनही उपयोग होत नाही. फ्रीजरला हवा ज्वलनासाठी लागत नाही, थंड होण्यासाठी लागते, एवढाच फरक. पत्र्यालगतची हवा तापते, हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालून हवा यावी लागते. फ्रीजरच्या पायांमुळे तळाखाली दोन-तीन सेंटिमीटरची फट राहते, ती याच कामाची. कॉम्प्रेसरच्या खणालाही तळाशी किंवा मागे झरोके असतात. कार्पेटमध्ये पाय रुतले, वरून कार्पेटची लव उभी राहिली, की ती फट नाहीशी होते. फ्रॉस्ट-फ्री प्रकारच्या काही फ्रिजमध्ये कंडेन्सर तळाशी असतो आणि पंखा समोरच्या खालच्या जाळीतून हवा ओढतो. तिथे तर नुकसान दुप्पट, कारण पंखा हवेबरोबर कार्पेटचे तंतू आणि धूळही ओढून घेतो आणि कंडेन्सरवर त्याची गोधडी बसते.

हवा नेमकी कुठून ओढली जाते हे पाहायचे असेल तर पतंगी कागदाची बारीक पट्टी झरोक्यासमोर धरा. आमच्यापैकी एकाने खिशातून उदबत्ती काढली होती, पण कार्पेट, धूळ आणि प्रशीतक वायू असलेल्या यंत्राजवळ निखारा नेणे शहाणपणाचे नाही, हे दुसऱ्याच्या वेळीच लक्षात आले.

उष्णता बाहेर पडायला अडचण झाली तर किती फरक पडतो? अकरावी-बारावीच्या मुलांना हे गणित घालता येईल. उष्णता थंड बाजूकडून गरम बाजूकडे न्यायला कमीत कमी किती काम लागते, याचे सूत्र सादी कार्नोच्या विचारातून आले आहे. कार्नोचे पुस्तक १८२४ सालचे, म्हणजे घरगुती फ्रिजच्या कितीतरी आधीचे. हे काम दोन बाजूंच्या तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात असते. आतल्या नळ्या उणे २५ अंशांवर आणि कंडेन्सर ४५ अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. हवा अडल्यामुळे कंडेन्सर ५५ अंशांवर गेला, तर फरक ८० अंशांचा. म्हणजे तेवढीच उष्णता उपसायला सातच्या जागी आठ भाग वीज. ही झाली आदर्श यंत्राची गोष्ट. खऱ्या फ्रीजरला याहून बरीच जास्त वीज लागते, आणि कंडेन्सर तापला की कॉम्प्रेसरची उपसण्याची ताकदही घटते. तो थांबेनासा होतो, आणखी तापतो, आणि एका मर्यादेनंतर त्याच्यावर बसवलेली सुरक्षा-कळ त्याला बंद करते. थोडा निवला की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मे महिन्यात दुपारी बाईंच्या फ्रीजरचे हेच होत असावे. यंत्रावरच्या माहितीपट्टीत 'टी' अक्षर असेल तर ते यंत्र ४३ अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असते. ४३ अंश ही खोलीतल्या हवेची मर्यादा आहे, पण अभ्रा, भिंत आणि कपाट यांच्यामध्ये कोंडलेली हवाच फ्रीजरची खोली होऊन बसते. विदर्भातल्या वाचकांना तर मे महिन्यात एवढीही सवलत नसते.

आतमध्ये आणखी एक खूण सापडली. एका कोपऱ्यात, झाकणाच्या कडेलगत, बर्फाचा जाड पट्टा साठला होता. बाकी तीन कोपरे जवळजवळ कोरडे. फ्रीजरमधला बर्फ हा बाहेरून शिरलेल्या दमट हवेचा असतो, त्यामुळे बर्फ जिथे जास्त तिथे फट. झाकण बंद करताना मध्ये दहा रुपयांची नोट धरली आणि ओढून पाहिली. तीन बाजूंना नोट अडकत होती. त्या कोपऱ्यात ती अलगद निघून आली.

झाकणाची रबरी पट्टी नवीन होती. मग फट कशी पडली? गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून आम्ही चारही कोपऱ्यांची उंची पाहिली. तोच कोपरा बाकीच्यांपेक्षा जवळजवळ सेंटिमीटरभर खाली होता. तिथे कार्पेटखालचा फोम दबला होता. पेटीचा सांगाडा किंचित पिळला गेला होता आणि झाकण त्याच्याशी जुळत नव्हते.

"एवढं जड आहे का ते?" बाई म्हणाल्या. हिशेब तिथेच वहीवर मांडला. रिकामा फ्रीजर सुमारे ४० किलोचा, भरलेला माल १०० किलोच्या आसपास, एकूण १४० किलो. चार पाय, प्रत्येकाचा व्यास तीन सेंटिमीटर. एका पायाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर, चारांचे २८. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ५ किलो भार. ६० किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला तर तळव्यांचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर धरून हाच भार ०.२ किलो येतो. फ्रीजर कार्पेटला आपल्या पंचवीस पट जोराने दाबतो, तेही रात्रंदिवस. फोमचा स्वभावही असा की एकदा दबून तो थांबत नाही, आठवडेच्या आठवडे हळूहळू बसत राहतो. ज्या कोपऱ्यात कॉम्प्रेसर तिथे वजन जास्त, म्हणून तो कोपरा आधी बसतो. पायांऐवजी चाके असतील तर टेकणारी जागा आणखी लहान, म्हणजे रुतणे आणखी जास्त.

यावर उपाय सोपा आहे आणि सुताराला पाच मिनिटांत समजतो: खाली फळी. १२० बाय ६० सेंटिमीटरच्या फळीचे क्षेत्रफळ ७२०० चौरस सेंटिमीटर. तेच १४० किलो आता दर चौरस सेंटिमीटरवर २० ग्रॅमच्याही आत येतात. पण हे खरे होण्यासाठी फळी वाकता कामा नये. पातळ फळी पायाखाली वाकते आणि भार पुन्हा पायाखालीच गोळा होतो. म्हणून पाऊण इंची, म्हणजे १८-१९ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लायवूड. तो फ्रीजरच्या सर्व बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर बाहेर राहील एवढा असावा. फार मोठा नको, कारण त्याच्या कडेला ठेच लागते. फळीचा दुसरा फायदा खरे तर पहिल्याइतकाच मोठा आहे. फ्रीजरचे पाय कठीण पृष्ठभागावर उभे राहिल्यामुळे तळाखालची हवेची फट परत मिळते.

बाईंच्या शेजाऱ्यांनी दोन पर्याय सुचवले होते. एक, बाजारात मिळणारा प्लास्टिकचा फ्रीज-स्टँड. फरशीवर तो चांगला, पण त्यालाही चारच लहान पाय, म्हणजे कार्पेटवर रुतण्याचा प्रश्न तसाच, वर उंची वाढल्याने डोलण्याचा धोका. पेटीसारखा फ्रीजर सहसा उलटत नाही, पण उभा, अरुंद फ्रीजर मऊ जमिनीवर असेल आणि एखाद्या मुलाने वरचा जड खण पूर्ण बाहेर ओढला तर तो पुढे झुकू शकतो. अशा उभ्या फ्रीजरला फळी हवीच, आणि घरात लहान मुले असतील तर भिंतीला पट्टीने बांधलेलाही बरा. दुसरा पर्याय थर्मोकोलच्या पत्र्याचा. तो दबतो, तुटतो आणि पेटतो. तिन्ही दोष एकाच वस्तूत क्वचित मिळतात.

पेटण्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलायला हवे. फ्रीजरच्या नेहमीच्या उष्णतेने कार्पेट पेट घेत नाही. कॉम्प्रेसरचे कवच हाताला चटका बसेल इतके तापले तरी कार्पेटचे कृत्रिम धागे वितळायलासुद्धा त्याहून कितीतरी जास्त तापमान लागते. आग लागते ती विजेच्या दोषातून: सैल सॉकेट, कमी जाडीची वायर, कॉम्प्रेसर सुरू करणाऱ्या भागात पडलेली ठिणगी. मग कार्पेट आणि त्यातून उडालेली धूळ तिला खाद्य पुरवतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडले. ती सुरू झाली चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, मोठ्या फ्रिज-फ्रीजरमधल्या विजेच्या दोषातून, असे चौकशीत निष्पन्न झाले. आग एवढी भडकली ती इमारतीच्या बाहेरच्या ज्वलनशील आवरणामुळे, हेही लगेच सांगायला हवे. पण रात्रंदिवस चालू असलेल्या यंत्राच्या वायरीकडे आपण किती कमी पाहतो, हे त्या दिवसाने दाखवले.

बाईंच्या घरी आमचा खरा जीव दडपला तो इथे. सॉकेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते, म्हणून एक्स्टेंशनची वायर कार्पेटच्या सुट्या झालेल्या कडेखालून आणली होती. तीही शिल्लक राहिलेला भाग गुंडाळून. वायरमधून वीज जाताना ती थोडी तापतेच. मोकळ्या हवेत ती उष्णता निघून जाते. कार्पेटखाली जात नाही, गुंडाळीत तर अजिबात नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेतो. त्यात वरून चालणाऱ्यांचे पाय वायरीवर पडत राहतात, आवरण झिजते, आणि हे सगळे डोळ्यांआड. कार्पेट उचलले तेव्हा एका ठिकाणी वायरीचे आवरण पिवळे पडून कडक झालेले आढळले. फ्रीजर त्याच क्षणी बंद केला. दुसऱ्या दिवशी वायरमनने फ्रीजरजवळ अर्थिंगसह स्वतंत्र सॉकेट दिले, अर्थिंग लागू आहे ना ते तपासले, आणि स्टॅबिलायझर भिंतीवर अडकवला. स्टॅबिलायझरही तापतो, त्यालाही कार्पेटचे आसन नको.

वायूबद्दल बाईंनी स्वतःच विचारले, कारण फ्रीजरच्या मागे ज्वालेचे चित्र होते. पूर्वीच्या फ्रिजमध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन असे. ते जळत नसे, पण ओझोनचा थर खाई. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार भारतासारख्या विकसनशील देशांना ते २०१० पर्यंत वापरातून काढायचे होते. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रीजरमध्ये आयसोब्युटेन असते, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. घाबरण्याआधी प्रमाण पाहा. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, फ्रीजरमध्ये काही दशक ग्रॅम. ६० ग्रॅम धरले तर रेणुभार ५८ असल्याने ते सुमारे एक मोल, म्हणजे २४-२५ लिटर वायू. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीत २७,००० लिटर हवा असते. सगळा वायू गळून खोलीभर पसरला तरी प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत राहते, आणि पेट घ्यायला सुमारे १.८ टक्के लागते. मात्र हा वायू हवेच्या दुप्पट जड आहे. बंदिस्त कोपऱ्यात, जमिनीलगत तो साठू शकतो. हवा खेळती हवी याचे हे आणखी एक कारण. आणि बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडू नये, याचेही. पत्र्यामागेच नळी असते.

राहिले पाणी. पेटीसारख्या फ्रीजरला तळाशी एक बूच असते. बर्फ वितळवताना ते काढले की पाणी बाहेर येते. फरशी असती तर पुसून घेतले असते. कार्पेट ते पिऊन टाकते, वरून कोरडे दिसते, आणि पावसाळ्यात खोलीला कुबट वास येऊ लागला की आपण वासाचे कारण दुसरीकडेच शोधतो. ओल्या कार्पेटवर अनवाणी उभे राहून विजेच्या यंत्राला हात लावणे किती वाईट, हे सांगायला नकोच. आधी प्लग काढायचा, बुचाखाली पसरट परात सरकवायची, आणि वितळायला पंख्याची हवा व वेळ द्यायचा.

त्या आठवड्यात मग काम झाले. ज्या पिशव्यांत बर्फाचे कण हाताला लागत होते त्या दुसऱ्या एका घरी नेऊन पुन्हा गोठवल्या. जो मटार पूर्ण मऊ होऊन कोमट झाला होता तो आणि सगळा नारळ बाईंनी टाकून दिला. आम्ही "उकळून वापरता येईल" असे पुटपुटलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "विकत घेणाऱ्याला मी काय सांगू?" त्यावर आम्ही गप्प बसलो. अर्धा माल गेला.

फळी आणली, फ्रीजर भिंतींपासून आणि कपाटापासून दहा-दहा सेंटिमीटर पुढे घेतला. हलवताना तो फार तिरका झाला होता, म्हणून जागेवर ठेवल्यावर काही तास तसाच उभा ठेवला, म्हणजे कॉम्प्रेसरमधले तेल खाली उतरते. मग नळीतल्या पाण्याशी ताडून पायांचे स्क्रू फिरवले, नोट चारही कोपऱ्यांत अडकली, आणि प्लग लावला. पहिला दिवसभर कॉम्प्रेसर सतत चालला, ते साहजिक होते. तिसऱ्या दिवशी घड्याळ लावून बसलो, तर तो वीस मिनिटे चाले आणि दहा-बारा मिनिटे विश्रांती घेई. एका घरातल्या एका यंत्राचे हे निरीक्षण आहे, त्यावरून नियम काढू नये. तुमच्या घरच्या यंत्राची अशी नोंद मुलांकडून करवून घ्या: खोलीचे तापमान, चालू मिनिटे, बंद मिनिटे. दोन महिन्यांच्या नोंदींतून छान आलेख होतो.

पंधरा दिवसांनी पुन्हा नळी घेऊन गेलो. फळीखालचा फोम थोडा बसला होताच, कॉम्प्रेसरकडची बाजू दोन-तीन मिलिमीटर खाली आली होती. स्क्रू अर्धा फेरा फिरवला. अभ्रा आता बाईंच्या शिवणयंत्रावर आहे.